मानशीचं दार

अर्ज मीच भरला. मंडळात अक्षर माझं बरं,
आणि मुलाचा जुना लॅपटॉप घरात पडून होता.
अक्षराचा तिथे काही उपयोग नव्हता
हे नंतर कळलं.

संस्थेचं नाव: बांद राखण मंडळ, चोडण.
स्थापना: कुणाला आठवत नाही.
लाल चांदणी उमटली. मग १९८७ लिहिलं,
त्या वर्षी इनासच्या बापाने पावतीपुस्तक छापून आणलं होतं.

लाभार्थी किती? पुरुष, स्त्रिया, बालके, इतर.
इनास म्हणाला, इतरांत कुर्ल्यो घाल.
बांदाला भोकं पाडतात,
पण राहतात तर आमच्याकडेच.
हसलो सगळे. मी शून्य घातलं
आणि रात्री उगाच वाईट वाटलं.

प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख?
बांद पूर्ण होत नसतो, बाबा.
बांद म्हणजे दर अवसेला पुन्हा चिखल.
चांदणी ऐकेना. एकतीस मार्च लिहिलं.
नदीला कळवलं नाही.

उत्तर वेर्ण्याहून आलं, औषधांच्या कंपनीचं,
मराठीत, आणि शुद्ध:
लाकूड या शीर्षाखाली खर्च बसत नाही.
क्षमतावाढ बसते.
एक लाख ऐंशी हजार, क्षमतावाढीला.

तीन दिवस आम्ही आमची क्षमता शोधत बसलो.
मग लोर्सीना, जी हिशेबाखेरीज बोलत नाही,
म्हणाली, उल्हास च्यारीचं वय काय?
एकाहत्तर.
मानशीचं दार आणखी कुणाला करता येतं?
कुणी काही बोललं नाही.

तर कार्यशाळा झाली. चार दिवस, देवळामागच्या मांडवात.
मार्गदर्शक: श्री. उल्हास च्यारी,
ज्यांनी जन्मात पहिल्यांदा आपला रंधा दुसऱ्याच्या हाती दिला.
प्रशिक्षण साहित्य: मत्तीच्या फळ्या, अकरा.
सहभागी सव्वीस, त्यांत गोकुळदास नायकांची नात,
जिची खाच सगळ्यांत घट्ट बसली.
प्रात्यक्षिकासाठी केलेलं दार
योगायोगाने
मानशीच्याच मापाचं निघालं.

पाहणीला शाल्मली मॅडम फेरीबोटीने आल्या.
फलकावर कंपनीचं नाव मोठं, आमचं खाली,
चोडणातला ण कडेला थोडा कापलेला.
फोटो झाले. मग त्यांनी चपला हातात घेतल्या
आणि बांदावरून मानशीपर्यंत चालत आल्या,
जे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

भरती चढत होती.
हे दार बंद कोण करतं, त्यांनी विचारलं.
कोण ना, उल्हासबाब म्हणाले. उदकच.
आत घुसू बघतं, तेच लोटतं.
परत जाताना तेच उघडतं.

आमच्यासमोर दार हललं.
थांबलं. बोटभर फट राहिली,
उल्हासबाबांनी विडी विझवली,
मग मिटलं.

अहवाल मी वेळेत पाठवला.
लोर्सीनाने उरलेले दोनशे चाळीस रुपये
कंपनीला परत केले, पावती मागून घेतली.
इनास अजून म्हणतो,
खिळ्यांना झाले असते.