मुलताई

सकाळी पावणेसहाला अंबाझरीच्या बांधावर
मी स्टेशनं म्हणत चालतो.
कळमेश्वर, काटोल, नरखेड, पांढुर्णा,
एकेक बोट मिटत.

एकतीस वर्षं टपालडब्यात उभा होतो.
गाडी हलायची, दिवा हलायचा,
समोर खणांची भिंत, आणि हात
पत्ता वाचून व्हायच्या आधीच खणात.
मिनिटाला चाळीस पत्रं.
बढाई नाही मारत, वही आहे घरी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यानंतर
बोट मिटलंच नाही.
खण होता. त्यावरची चिठ्ठी नव्हती.
पाण्यावर दोन बदकं, मागे कुणाचा तरी रेडिओ,
आणि मी तिथेच, चप्पल अर्धी निघालेली.

त्याच दुपारी इतवारीत पिवळी मारबत निघाली.
गर्दीत मीही ओरडलो, सगळ्यांच्या वरताण,
"विसराळूपणा घेऊन जाय गे मारबत!"
शेजारचा पोरगा हसला.
मला वाटलं, झालं काम.
रात्री चष्मा फ्रिजमध्ये सापडला.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.
"घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."
काढलं. काटे नीट पडले,
घाम मात्र सातवीच्या परीक्षेतला.
त्या म्हणाल्या, "आज तरी आजार दिसत नाही.
पण बीपीची गोळी तुम्ही आपल्या मर्जीनं घेता,
आणि मी तीनदा विचारलं, त्यातलं दोनदा तुम्हाला ऐकूच आलं नाही.
कानाशी जे पोचत नाही
ते मेंदू कुठल्या खणात टाकेल?"
खण हा शब्द त्यांचाच.
का मीच आधी सांगितला होता, आठवत नाही.

"मी रोज स्टेशनं म्हणतो," मी म्हटलं.
"ती पाठच आहेत तुमची. चालणं सोडू नका,
पण शिका काहीतरी नवं, चुकेल असं.
चार माणसांत बसा.
खात्री मी देत नाही. कुणी दिली तर घेऊ नका."

नवं म्हणजे काय, एकाहत्तराव्या वर्षी?
अनसूया म्हणाली, "गोळाभात करून दाखवा जी.
पन्नास वर्षं नुसते खाऊन राहिले."
हरभऱ्याचा भरडा, ओवा, हळद, तेलाचं मोहन.
पहिल्या दिवशी गोळे फुटले, सगळा भात पिवळा.
दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा.
कानात यंत्र बसवलं त्या दिवशी
पहिली ऐकू आली हिंग-मोहरीची फोडणी,
मग ओट्याला टेकून ती काय पुटपुटते ते.
"सगळं ऐकू येते मले आता," मी म्हटलं.
ती म्हणाली, "म्हणजे आता माझीच पंचाईत."

निनावे माझ्याच डब्यात होता.
याची बदली बेवारस पत्रांच्या ऑफिसात करा,
असं आम्ही त्याच्या आडनावावरून हसायचो.
आता हसत नाही.
बगडगंजच्या घरी तो खिडकीशी बसलेला असतो.
पोरगा विचारतो, "बाबा, हे कोण आले?"
तो म्हणतो, "पोस्टमन असतील."
गुरुवारी मी जातो, डब्यात गोळाभात,
पिशवीत जुनी पोस्टकार्डं.
तो एकेक कार्ड डोळ्यांशी नेतो
आणि हात जातो हवेत,
डावीकडून तिसरा, वरून दुसरा.
बरोबर. बैतूल तिथेच असायचं.

मग मी विचारतो,
"पांढुर्ण्यानंतर काय रे, निनावे?"
"मुलताई," तो लगेच म्हणतो,
"तिथला चहा घेऊ नको, पाणचट राहते."

मला येतं ते आता. तरी विचारतो.

मागच्या गुरुवारी तो काही बोलला नाही.
मी घाई केली नाही.
गाडी आउटरला थांबली
की आम्ही दोघं दारात येऊन उभे राहायचो,
तसाच बसलो, त्याच्या शेजारी,
कार्डं मांडीवर घेऊन.