आखूड पाय

कुंकळ्ळीतल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात
आर्मिंदबाय पिकअपमधून घेऊन आली
घोवाची शेगडी.
बोटीवरच्या वर्कशॉपात त्यानं फावल्या वेळी घडवलेली,
ट्रंकेबरोबर बंदरात उतरलेली.
आता तिच्यावर बारा वर्षांचा गंज.
"रंग नको," एवढंच म्हणाली.

तारेच्या ब्रशनं खरवडली,
जाळी माडाच्या व्हिनेगरात रात्रभर बुडवली,
खोबरेल पाजून विस्तवावर तापवली,
तेव्हा कुठे काळी झाली,
कामाची काळी.

एक पाय दीड इंच आखूड.
मोडला असेल, म्हटलं.
तुकडा जोडला, ग्राइंडर फिरवला,
लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला.
त्याचे पैसे लावले नाहीत.

असोळण्याला पोचवायला गेलो.
नीरफणसाखाली ठेवली तर डुगडुगली.
खाली वाकून पाहिलं:
मुळानं एक चिरा वर उचललेला,
त्यावर जुन्या पायाचा गोल ठसा.
दीड इंच. मोजायची गरज नव्हती.

"पलीकडे ठेवू?"
"नदीचा वारा इथंच लागतो," म्हणाली,
आणि आतून त्याचीच करवत आणून दिली.

माझा सांधा मीच कापला.
इतका चांगला बसला होता
की घाम फुटला.

करवंट्या पेटल्या.
तांबडा मसाला भरलेले दोन बांगडे.
एक माझ्या ताटात.
दुसरा जाळीवरच, कोपऱ्यात,
पार करपेपर्यंत.
"त्याला असाच लागायचा."
मग बसली, आणि शेपटीकडून
सगळा खाल्ला.