पूर्ववत

पाणी पहाटे साडेतीनला आलं.
आधी केबलच्या चरातून,
मग दाराच्या फटीतून,
मग माझ्या चपला तरंगायला लागल्या.
लॉगबुकात मी लिहिलं :
०३.४० – गावठाण फीडर हाताने बंद.
०३.५२ – पाणीयोजना फीडर हाताने बंद.
त्यापुढची ओळ नाही.
त्यापुढे टेबलच नव्हतं.

अकरा दिवसांनी वारणा माघारी गेली
तेव्हा पॅनेलच्या पोटात गाळ,
गाळात हातभर लांब मरळ.
सुकुमार वायरमननं ती उचलून
पंचनाम्याच्या कागदाशेजारी ठेवली.
तलाठी म्हणाले, हिला रकाना नाही.

रोहित्राचं तेल बाटलीत काढलं,
उजेडात धरलं.
चहा. दूध जास्त झालेला.

मुजावर मॅडम मिरजेहून आल्या,
बुटांतनं पाणी पिळत.
भिंतीवर गाळाची रेघ जिथं थांबली होती
तिथं टेप लावला : सहा फूट दहा इंच.
त्याच्यावर आपला हात उभा धरून म्हणाल्या,
चौथरा नऊ फूट. खांबांवर. खालून नदी जाऊ दे,
तिची वाट आहे ती.
अंदाजपत्रक त्यांनी तिथंच,
उलट्या घातलेल्या बादलीवर बसून लिहिलं.

दोन महिन्यांनी फाईल परत.
'आपत्ती निधीतून केवळ पूर्ववत करणे अनुज्ञेय.
उंची वाढविणे ही सुधारणा होय.
खुलासा सादर करावा.'

पूर्ववत.
सुपारीसारखा हा शब्द मी दोन दिवस गालात धरला.
पूर्वी खोली जमिनीवर होती
आणि जमीन नदीच्या भरवशावर.
पूर्वी पारिसा मगदुमांच्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र
आमच्या फीडरवर होतं.
०३.४० ला ते मीच बंद केलं,
माहीत असून,
कारण तारा पाण्याला टेकत होत्या.
तिला होडीतनं नेली. वाचली.
अजून भेटली की विचारते, झोपला नव्हतास ना रे त्या रात्री?
हे पूर्ववत कुठल्या लेखाशीर्षात बसवायचं?

मॅडमनी खुलासा दोन ओळींत केला :
'पुरात उपकेंद्र बुडाले.
पूर्ववत केल्यास पूर्ववत बुडेल.'
साहेबांनी म्हणे दुसरी ओळ खोडायला लावली.
त्यांनी ती खोडली,
आणि टिपणीच्या पाठीमागं पुन्हा लिहिली.

मग एक उन्हाळा वाळूच्या पोत्यांचा.
एक पावसाळा देवाच्या नावाचा.
पुण्याहून कोणी आलं, फोटो काढले,
रेघेशेजारी मला उभा केला,
माझी टोपी रेघेच्या बरीच खाली.
जरा हसा, म्हणाले.

निधी मंजूर झाला. सात फुटांचा.
नऊचं काय झालं ते विचारू नका,
दोन फूट कुठल्या टेबलावर उतरले
ते त्या टेबलालाही माहीत नसेल.
गवंडी म्हणाला, हातचं राखून दोन इंच बसवतो.
बसवले त्यानं. बिलात नाहीत.

आता बारा पायऱ्या.
गुडघे रोज सकाळी मोजतात.
खांबांखाली दुपारी म्हशी बसतात,
पोरं गोट्या खेळतात,
सुकुमार म्हणतो, निधीचा खरा लाभार्थी हा रेडा.

आज श्रावण संपत आलाय.
धरणातनं पाणी सोडलंय,
आणि खालून तोच वास येतोय,
ओल्या उसाचा, गाळाचा.
मी वर आहे, थर्मास घेऊन.
रात्रभर बॅटरी जिन्यावर मारतोय.

०२.१५ – पाणी पाचव्या पायरीवर.
०३.०० – सातव्या.
०३.४० – आठव्या. नदीकडच्या गल्ल्या हाताने बंद.
टेकावरची पाणीयोजना चालू.
मगदूम गल्ली चालू.

काळ्या पाण्यापलीकडं एक पिवळी खिडकी दिसते.
तिची असेल. नसेलही.
पुढच्या ओळीचा आकडा घालून ठेवलाय,
समोरची जागा कोरी आहे.

चपला मात्र
मी संध्याकाळीच वर आणून ठेवल्यात.