पोच

महाप्याच्या कचेरीत हल्ली मी तक्रार लिहीत नाही,
तक्रार लिहिणारं लिहिलंय.
सर्व्हर आडवा झाला की सात ओळी जाग्या होतात,
विषय भरतात, तीव्रता निवडतात,
परक्या देशातल्या रांगेत जाऊन उभ्या राहतात.

हे सगळं रात्री तळवलीला, निवट्यांच्या कालवणावर,
बाबांना सांगितलं.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
सिडकोच्या खिडकीवर बावीस वर्षं अर्ज दिलेले बाबा,
'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत,
खाली कार्बन लावून.

"तीव्रता कोन ठरवतं?"
मीच.
हसले. तसला रकाना त्यांच्या अर्जाला नव्हता.
मग काटा ताटाच्या कडेला ठेवत,
"पन पोच घेतं का गो तुजं ते?"

उष्ट्या हातानेच लॅपटॉप उघडला.
लायब्ररी दर खेपेला क्रमांक परत देत होती,
मी तो कुठेच ठेवत नव्हते.
आठवड्यात अकरा तक्रारी गेल्या,
एकीचाही माग नाही.

एक ओळ वाढवली.
व्हेरिएबलला नाव दिलं: पोच.
टीमला कळणार नाही. विचारतील.

आतल्या कपाटात बाबांच्या पोचपावत्यांचा गठ्ठा आहे.
त्याचं रबरबँड कधीच विरघळून
कागदाला चिकटलंय.