बिनधुराची

एकोणीस वर्षं मी
लोकांच्या तोंडचा धूर वळला.
फर्मा ठेवून पान कातरायचं,
चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत गुंडाळी, वर दोरा.
हजार झाल्या की उठायचं.
आता सरकारनं दिलीय
बिनधुराची गाडी.

योजना हिरवी आणि गाडी गुलाबी.
रंग आम्हाला कुणी विचारला नव्हता.
शमशाद म्हणाली, आईस्क्रीमचा गाडा दिसतोय की गं.

कर्जाला अंगठा लागतो.
यंत्र म्हणालं, जुळत नाही.
पुसून ठेवला, ओला करून ठेवला,
केसांवर घासून ठेवला.
पानांनी आणि कात्रीनं
कधीच नेल्या होत्या त्यावरच्या रेघा.
बँकेतली मुलगी म्हणाली, मावशी, तुम्ही तुम्हीच ना?
होय बाई. भाग्यम्मा नारायण गड्डम,
विडी घरकुल.
यंत्राला पटेपर्यंत तीन खेटे,
दर खेट्याला आठशे विड्या बुडाल्या.

घरातलं मीटर त्याच्या नावावर.
प्लग लावला की तो बिलाचा कागद
पंख्याखाली धरतो. बोलत काही नाही.
म्हणून मी रात्री डेपोच्या मागं जाते.
तिथं गाड्यांसाठी तीन पॉइंट आहेत,
माणसांसाठी दिवा नाही.
संडास आहे, त्याला कुलूप आहे,
किल्ली चौकीदाराकडं,
चौकीदार चहाला.

तिथं ताजश्री असते,
ठेकेदाराकडून नव्या बसेस धुते.
मला रिव्हर्स तिनंच शिकवला, होम मैदानाच्या कडेला,
रविवारी उन्हं उतरल्यावर.
आरशात बघ अक्का, मान कशाला मोडतीस.
अर्ज तिनंही केला होता.
स्त्री, पुरुष, इतर. तिनं खरं ते लिहिलं.
अर्ज परत आला, योजना महिलांसाठी आहे म्हणून.
तो कागद तिनं मला हसत दाखवला.
घड्यांवर फाटलाय पार.

नव्या बसेस चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू.
दारापाशी पायरी खाली वाकते,
शिवलीलाचा पोरगा चाकाच्या खुर्चीतनं
पहिल्यांदा एकटा कॉलेजात गेला.
पण काचा बंद, आत गारेगार,
आणि नरसम्माची टोपली चढली
की सगळ्यांच्या नाकाला रुमाल.
कंडक्टर पोरगी गुणाची. तीच कानाशी येऊन म्हणाली,
मावशी, वासाची तक्रार आलीय वर,
उद्यापासनं टोपली नका आणू.
टोपली नाही तर नरसम्मा जाईल कशाला?
एप्रिल, चव्वेचाळीस डिग्री,
कारखाना साडेतीन किलोमीटर,
डोक्यावर हजाराचा माल.

तर आता सकाळची पहिली खेप त्यांची.
तीन बाया, तीन टोपल्या,
उघडी गाडी, वास वाऱ्यावर जातो.
दहा रुपये सीट.
नरसम्मा पाचच देते आणि वर म्हणते,
वळायला कुणी शिकवलं गं तुला?

गेल्या महिन्यात पाहणीवाला आला.
किलोमीटर सांगितले की धूर किती वाचला
ते त्याच्या टॅबवर आपोआप येतं.
मग म्हणाला, तुम्हाला काय फरक पडला, एका वाक्यात.
मी अंगठा पुढं केला.
बघा, रेघा परत यायला लागल्यात.
त्यानं बघितलं. उत्पन्नात वाढ, असं लिहिलं.

काल रात्री दोन वाजता शंभर टक्के झालं.
ताजश्री हात पुसत आली,
म्हणाली, एक राउंड मारू?
मी मागं बसले.
माझ्याच गाडीत मागं, पहिल्यांदाच.
ओल्या बसेसच्या मधनं तिनं गाडी काढली,
आवाज नाही, हिसका नाही,
गेटापाशी आली तरी ब्रेक लावीना.
आरशातनं बघून म्हणाली,
बोला मॅडम, कुठं सोडू?

मी म्हटलं, लांबनं घे.
पण चारच्या आत घरी सोड बाई,
आज पाचवा दिवस, नळाला पाणी यायचंय.