पाच ठिपके

एसीवाल्यानं दार उघडं टाकलं
आणि आमची खारी जिना उतरून
अल् खुवैरच्या पार्किंगमध्ये तीन रात्री राहून आली.
एक कान फाटलेला, अंगाला डिझेलचा वास,
भूक अशी की वाटीसुद्धा खाईल.

मला महिन्यानं कळलं.
मला, जी रात्रपाळीला
परक्या बायकांच्या पोटावर हात ठेवून
आठवडे सांगते.

डॉक्टर हैथम म्हणाले, तीन रस्ते.
इंजेक्शन : आज एक, उद्या याच वेळी दुसरं,
मग काही दिवस वाट बघायची,
रक्त जाईल, पुन्हा सोनोग्राफी, आणि तरी नेम नाही.
नाहीतर ऑपरेशन. पिशवीसकट सगळं.
पुन्हा हा प्रश्नच नको.
नाहीतर काहीच नाही.
हे म्हणताना त्यांनी पेन खाली ठेवलं.

काहीच नाही म्हणजे एक खोली,
भाडेकराराचं नववं कलम
(त्या हिशेबानं खारीच मुळात बेकायदा),
माझे चौदा-चौदा तास बाहेर,
आणि खाली कचरापेटीपाशी आधीचीच सतरा,
जुलैच्या दुपारी
गाडीखालच्या सावलीसाठी एकमेकांना ओरबाडणारी.

जेल गार लागलं तशी तिनं माझं मनगट तोंडात धरलं.
चावली नाही, नुसतं धरून ठेवलं.
पडद्यावर राखाडी वाळू
आणि वाळूत लुकलुक.
हैथम म्हणाले, चार.
मी बरगडीखाली बोट ठेवलं.
हो, म्हणाले. पाच.

कशाला मोजलं मी.

सही केली. 'मालक' असं लिहिलं होतं तिथं.

देवगडला फोन लावला.
आई म्हणाली, आम्ही पोत्यात घालून
खाडीपलीकडे सोडून यायचो, डोळे उघडायच्या आत.
तुझ्याकडे निदान भूल तरी आहे.
मग म्हणाली, जेवलीस?

रात्री सहा नंबरच्या बेडवर मुलगी झाली,
तीन किलो शंभर, केस ओले काळेभोर.
बाई हसत होती, रडत होती,
माझं नाव विचारत होती.
वंदिता, मी म्हटलं. तिला ते उच्चारता येईना.

सकाळी घरी आले
तर गळ्यातला प्लास्टिकचा कर्णा
टेबलाच्या पायाला आपटत खारी पुढे आली.
पोट भादरलेलं, गुलाबी.
टाके किती, मी बघितलं नाही.

ती माझा हात हुंगत राहिली,
बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेनं.
दोनदा धुतला होता मी.
तरी चाटत राहिली.