नोंद: कोरी

मेणाचा रोळ उचलायची एक रीत आहे:
बांगडीचं माप बघताना कासार उघडतो तशी
दोन बोटं आत उघडायची. बाहेरून हात लावायचा नाही.
बाहेरच्या अंगावर माणूस असतं.

बर्नली. कालव्याकाठची बंद कापडगिरणी,
तिच्या तळघरात आमचं ध्वनिसंग्रहालय.
पगारी माणसं दोन: मी, आणि मंगळवार-शुक्रवार डेरिक,
जो बुरशीला तिच्या लॅटिन नावाने हाक मारतो.

एकोणीसशे सहा साली एडविन स्टॅनरिंग नावाचा शाळामास्तर
यंत्र आणि कर्णा हातगाडीवर घालून गल्लोगल्ली हिंडला.
मरायच्या आत जुनी बोली पकडायची होती त्याला.
(कुणी मरायच्या आत, ते लिहिलेलं नाही.)
बेचाळीस रोळ. बहुतेकांवर लोक ओरडतात,
कर्ण्यात ओरडावंच लागे:
मेंढ्या मोजायचे जुने आकडे,
एका खाटकाने खोकत सांगितलेली भुताची हकिगत.
एक पोरगा नुसताच हसतो, कुणीतरी चापट मारतं,
ती चापट एकशे अठरा वर्षं लागतेच आहे.

रोळ चौदा. थिर्झा ग्रीनहॉल, वय एकावन्न, मागावर चाळीस वर्षं.
मास्तरांच्या वहीत: ‘कोरी. बाईला सूचना कळल्या नाहीत.
तासून पुन्हा वापरणे.’
तासला नाही.
आळस हाही जतनाचा एक प्रकार आहे, असं डेरिकचं मत.

सुई टेकवली.
तीळ तडतडावेत तशी खरखर.
लांबून मास्तर: ‘बोला बाई. मोठ्यानं.’
मग काही नाही.
मग काही नाही.
डेरिकचा हात बटणाकडे गेला. म्हटलं, थांब.

मी इचलकरंजीची.
आई कांड्या भरायची, वडील चार माग बघायचे,
आणि शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. म्हणजे आवाजाने नाही.
ओठ मोठे करून, गाल ताणून, भुवया घालून
अख्खी भांडणं व्हायची, सोयरिकी जुळायच्या,
धोटा उडून कुणाचा डोळा गेला ते
सहा माग ओलांडून कळायचं.
रात्री घरीही आई तशीच बोलायची.
दिवे गेले की आम्हाला ती ऐकू यायची नाही.

थिर्झाबाई, तुम्ही बोलत होतात.
दोन मिनिटं, चांगलं सविस्तर, मास्तरांकडे बघून.
आणि ते कर्ण्याकडे बघत होते.

पुन्हा लावला, डोळे मिटून.
खरखरीच्या खाली, फार खाली,
ओठ ओठाला भेटून सुटल्याचे ठिपके:
प. ब. ब.
शाळेत घोकलेले ओष्ठ्य.
कंठ्य गेले, तालव्य गेले, दंत्य गेले,
उरले एवढेच, ताटाबाहेर सांडलेल्या शितांसारखे.
नाकाने घेतलेला एक श्वास.
मग प, प, घाईघाईत,
रोळ संपत आल्याचं कुणी खुणावलं असावं.

याचं वाक्य होत नाही. तीन संध्याकाळी आरशासमोर करून बघितलं.
मेलेल्या मुलाचं नाव असेल. बटाट्याचा भाव असेल.
‘त्या पिपाणीत काय बघताय, इकडे बघा’ हे तंतोतंत बसतं,
पण ते मराठीत बसतं, आणि बाई बर्नलीची.

संगणकावर ‘आशय’ हा रकाना मोकळा सोडता येत नाही:
भाषण, गाणं, वाद्य, कोरी, यांपैकी एक.
भाषण लिहिलं.
पुढचा रकाना, भाषा. तिथे अजून रेघ लुकलुकते आहे.

रोळ कापसात ठेवला, डबीचं झाकण लावलं.
दिवा घालवायच्या आधी खोलीच्या या टोकावरून
डेरिकला काहीतरी म्हटलं, आवाज न लावता, ओठ मोठे करून.
त्याने कानामागे हात धरला
आणि, नीट ऐकू यावं म्हणून,
तोंड दुसरीकडे फिरवलं.